वृद्धांस फोनवरून होणारी ठकबाजी

पाठ: उत्पत्ति २७:१-३३, नहेम्या ६:१-१३. उपदेशक बंधूंनीं हे दोन्ही भाग अगोदर घरीं वाचून यावें.

इसहाकाची गोष्ट आपल्या मंडळ्यांत पुष्कळ वेळां वाचिली जाते, परंतु ती वाचितांना आपलें लक्ष बहुधा याकोबाकडे किंवा एसावाकडे असतें. एकानें आशीर्वाद कसा मिळविला, दुसऱ्यानें तो कसा गमाविला, ह्याचीच चर्चा होते. ह्या आठवड्यांत आमची वाचकांस अशी विनंति आहे कीं, त्यांनीं त्या दोघां मुलांस क्षणभर बाजूस ठेवून त्या म्हाताऱ्या बापाकडे पाहावें. त्याची दृष्टि मंद झाली आहे. आपला अंतकाळ कधीं येईल हें त्यास ठाऊक नाहीं. आणि कोणी एक आंत येऊन त्यास बापाच्या नात्यानें हाक मारितो.

इसहाक मूर्ख नव्हता, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. अध्याय नीट वाचला तर दिसेल कीं, त्यानें एकदां नव्हे, वारंवार चौकशी केली. आलेला कोण आहे, असें विचारिलें. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असें विचारिलें. जवळ बोलावून हात चांचपून पाहिले. वाणी एका मुलाची आणि हात दुसऱ्याचे, हा मेळ बसत नाहीं हेंहि त्याच्या लक्षांत आलें, व तें त्यानें उघड बोलून दाखविलें. मग पुन्हां एकदां विचारिलें, कीं तूं खरोखर एसावच ना? म्हणजे शंका आली होती, आणि ती अगदीं बरोबर होती. त्याचे कान त्यास खरें तेंच सांगत होते.

तर मग तो फसला कसा? आम्हांस वाटतें त्याचें कारण हें कीं, आलेली शंका त्यानें ज्याच्याविषयीं ती आली होती त्यासच विचारिली. त्या तंबूंत तिसरा कोणी नव्हता. दाराशीं एखादा जुना चाकर असता व त्यास हाक मारून, "अरे, हा आंत आलेला कोण आहे तें पाहा," एवढेंच म्हणतां आलें असतें, तर बकऱ्याच्या कातड्यांचें सोंग तेथेंच उघडें पडलें असतें.

आज आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्या बंधुभगिनींच्या बाबतींत हेंच घडत आहे. फोन वाजतो. पलीकडचा मनुष्य म्हणतो, मी बँकेंतून बोलतों. म्हाताऱ्याच्या मनांत शंका येतेच. तो विचारितो, "खरेंच बँकेंतून का हो?" उत्तर येतें, "होय बाबा, खरेंच. हें पाहा, तुमचें नांव अमुक, गांव अमुक, खात्याचे शेवटचे आंकडे अमुक." हीं एसावाचीं वस्त्रें होत. नांव, गांव, जन्मतारीख, आधार क्रमांक हें सर्व चोरीला गेलेलें असतें किंवा विकत मिळालेलें असतें. त्यावरून बोलणारा मनुष्य बँकेचा आहे हें मुळींच सिद्ध होत नाहीं. परंतु आमच्या बाबांस वाटतें, इतकें ज्यास ठाऊक तो परका कसा असेल?

येथें आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शिकार लवकर कशी मिळाली ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना याकोबानें देवाचें नांव पुढें केलें. आमच्या लोकांस फसविणाऱ्यांसहि ही युक्ति साधली आहे. परदेशांतील कोणी विश्वासी भगिनी आपली मालमत्ता गरीब मंडळीस देऊं इच्छिते, पेटी विमानतळावर आली आहे, फक्त जकातीचे पैसे भरा. किंवा तुमच्या पाळकसाहेबांनींच तुमचा नंबर दिला. असें सांगून विश्वासी जनांस लुबाडण्यांत येतें. आम्ही येथें स्पष्ट लिहून ठेवितों कीं, कोणताहि पाळक कोणाचा फोन नंबर देऊन त्यावरून पैसे मागवीत नाहीं. मागवील तर तोहि तपासावा.

हा अपराध केवढा वाढला आहे ह्याची वाचकांस कल्पना यावी म्हणून एकच आंकडा देतों. केंद्र सरकारनें संसदेस दिलेल्या माहितीप्रमाणें २०२४ ह्या एका वर्षांत अशा सर्व प्रकारच्या सायबर ठकबाजींत आपल्या देशांतील लोकांचे २२,८०० कोटींहून अधिक रुपये गेले. हे सर्व वृद्धांचे नव्हत, हें खरें. पण ज्याच्यापाशीं आयुष्यभराची शिल्लक आहे आणि जो दिवसा घरीं एकटा असतो, त्याच्याकडे ठकाचें लक्ष अधिक जातें हें सांगावयास नको.

ठकांच्या युक्त्या दर महिन्यास बदलतात, म्हणून त्या सर्व पाठ करण्यांत फारसा अर्थ नाहीं. तथापि कांहीं ओळखून ठेवाव्या. केवायसी अपुरें आहे, खातें आज बंद होईल, हा फोन आतां जुना झाला. तरी अजून त्यास लोक बळी पडतात. विजेचें बिल भरलें नाहीं, आज रात्रीं वीज तोडूं, हा दुसरा. ह्याविषयीं महावितरणनें ग्राहकांस वारंवार सावध केलें आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस व निराधार योजनेचे पैसे मिळणाऱ्यांस हयातीच्या दाखल्याचें निमित्त सांगतात, आणि तें त्यांस खरें वाटतें, कारण दाखला दरवर्षीं खरोखरच द्यावा लागतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, गाडीच्या दंडाची पावती किंवा शेतकरी योजनेची यादी म्हणून एक फाईल येते. तिच्या नांवाच्या शेवटीं एपीके हीं अक्षरें असतात. तिच्यावर बोट ठेवून ती मोबाईलांत बसवून घेतली कीं फोनांत येणारे निरोप चोराच्या हातीं जाऊं लागतात. ज्यास कागदाची लग्नपत्रिका घरीं आणून देण्याची रीत ठाऊक आहे, त्यानें असली पत्रिका उघडूं नये.

यूपीआयविषयीं तर एकच नियम पुरे आहे: पैसे घेण्यासाठीं पिन लागत नाहीं, पिन लागतो तो देण्यासाठीं. "तुमच्या खात्यांत पैसे टाकतों, पिन दाबा" असें कोणी म्हटलें कीं तो चोर समजावा, मग तो बैल विकत घेणारा असो कीं सैन्यांतील शिपाई असल्याचें सांगो.

आणि ज्या एका गोष्टीवर इसहाकानें विश्वास ठेविला असता तर तो वांचला असता, ती वाणीहि आतां खात्रीची राहिली नाहीं. मनुष्याच्या बोलण्याचा थोडासा नमुना मिळाला तर त्यावरून हुबेहूब तसाच आवाज यंत्राच्या साह्यानें काढितां येतो. "आजी, मी अपघातांत सांपडलों आहें, बाबांना सांगूं नकोस, लागलींच पैसे पाठव," असें नातवाच्या आवाजांत ऐकूं आलें तर आजीनें काय करावें? फोन ठेवून द्यावा, आणि नातवाच्या जुन्या नंबरावर, किंवा त्याच्या आईच्या नंबरावर, आपण होऊन फोन करावा. कांहीं कुटुंबांनीं एक खूण ठरवून ठेविली आहे. घरांतल्यांसच ठाऊक असा एखादा प्रश्न, जसें कीं, आपल्या जुन्या गाईचें नांव काय. ही युक्ति साधी आहे, पण ती आम्हांस फार आवडली.

आमच्या महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास अशी फसवणूक नवी नाहीं. लिहितां वाचतां न येणाऱ्या कुणब्यानें सावकाराच्या कागदावर नांगराची निशाणी करावी, आणि त्या कागदांत काय लिहिलें होतें हें जमीन गेल्यावर त्यास कळावें, असें गेल्याच्या मागल्या शतकांत कित्येकदां झालें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांचीं घरें गांठून ते दस्तऐवज जाळले, हें प्रसिद्ध आहे. त्या दंग्यानंतर, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं जो कायदा झाला त्यांत एक कलम असें होतें कीं, शेतकऱ्याचे असले दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर, त्याच्या देखरेखीखालीं लिहिले जावे. म्हणजे धनको आणि ऋणको ह्या दोघांमध्यें तिसरा मनुष्य उभा करावा. त्या कायद्यानें सर्व दुःख निवारिलें असें कोणी म्हणत नाहीं, परंतु त्या एका कलमांतील शहाणपण आजहि घेण्यासारखें आहे. फोनवर येणारा ओटीपी हा आजचा अंगठा होय. तो सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर निशाणी करून देणें. ज्या म्हाताऱ्यास ओटीपी म्हणजे काय हें दहादां सांगून समजत नाहीं, त्यास हें एका वाक्यांत समजतें. आम्ही स्वतः करून पाहिलें आहे.

आतां दुसरा भाग घेऊं. नहेम्या यरुशलेमचा तट बांधीत होता. सनबल्लट व गेशेम ह्यांनीं त्यास ओनोच्या मैदानांतील एका गांवीं भेटीस बोलाविलें. चार वेळां बोलाविलें, आणि चारहि वेळां त्यानें, काम सोडून येतां येत नाहीं, असें सांगून पाठविलें. पांचव्या वेळीं एक उघडें पत्र आलें. त्यांत आरोप होता कीं, तूं राजाविरुद्ध बंड करूं पाहतोस, ही बातमी राजाच्या कानीं जाईल, म्हणून ये, आपण मिळून विचार करूं. पुढें शमाया नांवाचा मनुष्य, जो स्वतःच्या घरांत कोंडून बसला होता, त्यानें नहेम्यास सांगितलें कीं, रात्रीं तुला मारावयास येणार आहेत, चल, आपण मंदिरांत जाऊन दारें लावून घेऊं. नहेम्यानें ओळखिलें कीं ह्याला देवानें पाठविलेलें नाहीं, ह्यास पैसे देऊन बोलाविलें आहे.

वाचकहो, खोटा आरोप, राजाचें भय, आणि मग "दारें लावून घे" असा सल्ला: आज ज्यास "डिजिटल अरेस्ट" म्हणतात तें ह्याहून निराळें काय आहे? फोन येतो कीं, तुमच्या नांवाच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काळ्या पैशाचें खातें निघालें. मग व्हिडिओवर पोलिसाचा पोषाख घातलेला मनुष्य दिसतो. पाठीमागें शिक्का, झेंडा, टेबल, सर्व कांहीं. तो म्हणतो, तुम्हांस अटक झाली आहे, खोलीचें दार लावा, फोन बंद करूं नका, कोणास सांगितलें तर त्यासहि पकडूं. अखेरीस, चौकशी होईपर्यंत सर्व पैसे अमुक सरकारी खात्यांत ठेवा, निर्दोष ठरलां तर परत मिळतील, असें सांगण्यांत येतें.

आमच्या एका मंडळींतील मास्तरीणबाई, ज्यांनीं आमच्या अर्ध्या गांवास बाराखडी शिकविली, त्यांस एका शुक्रवारीं दुपारीं असा फोन आला. सोमवारपर्यंत त्या आपल्याच घरांत कैदेंत होत्या. त्यांचें घर प्रार्थनामंदिरापासून हांकेच्या अंतरावर आहे. रविवारीं घंटा झाली ती त्यांनीं ऐकिली. त्यांनीं त्या व्हिडिओवरील मनुष्यास हात जोडून विचारिलें, "साहेब, एक तासभर उपासनेस जाऊन येऊं का?" तो म्हणाला, "बाहेर पाऊल टाकाल तर गाडी दाराशीं येईल." सोमवारीं त्यांनीं बँकेंत जाऊन मुदत ठेव मोडिली. कारण विचारिल्यावर, शिकवून ठेविल्याप्रमाणें, "नातीच्या लग्नासाठीं," असें सांगितलें. त्या बाई आयुष्यांत खोटें बोलल्या नव्हत्या, आणि त्याच खोट्याची त्यांस पैशाहून अधिक टोंचणी लागली आहे.

बाई भोळ्या होत्या असें म्हणून कोणी सुटका करून घेऊं नये. लुधियाना येथील ८२ वर्षांचे एक मोठे उद्योगपति ह्यांस २०२४ सालीं ह्याच रीतीनें सात कोटींस फसविलें. त्यांच्यासाठीं तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी बैठकच पडद्यावर भरविली होती. हरियाणांतील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याचे न्यायालयाचे खोटे हुकूम दाखवून एक कोटीहून अधिक रुपये घेतले, तेव्हां ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्वतः होऊन ह्या प्रकाराची दखल घेतली, आणि डिसेंबर २०२५ मध्यें अशा गुन्ह्यांचा तपास सीबीआयनें करावा असा आदेश दिला. त्यापूर्वीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या भाषणांत सांगितलें होतें कीं, अशी अटक कायद्यांत नाहींच. हें वाक्य प्रत्येक वृद्धास तोंडपाठ असावें: व्हिडिओवरून कोणासहि अटक होत नाहीं, आणि कोणताहि पोलीस किंवा न्यायाधीश चौकशीसाठीं पैसे पाठवावयास सांगत नाहीं.

येथें आम्हां उपदेशकांस एक कबुली द्यावी लागेल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायावरून आम्ही लोकांस अधिकाऱ्यांची आज्ञा मानावयास शिकविलें, आणि तें बरोबरच शिकविलें. पण अधिकारी खरा कशावरून, हें विचारण्याचाहि विश्वासी मनुष्यास अधिकार आहे, हें आम्ही शिकविलें काय? पौलानें स्वतः फिलिप्पैंत अंमलदारांस, तुम्हीं स्वतः या, असें निरोप्याबरोबर सांगून पाठविलें. ती गोष्ट आमच्या प्रवचनांत क्वचितच येते. मास्तरीणबाईंनीं जें केलें तें आमच्या शिकवणुकीप्रमाणें आज्ञाधारकपणानेंच केलें.

आणि त्या रविवारीं त्यांची जागा रिकामी होती, तें आम्हांस दिसलें होतें. आम्हांस वाटलें, ताप असेल. दोन घरें ओलांडून जाऊन पाहिलें असतें, तर सोमवारचें काम अडलें असतें.

ह्याहून वाईट चूक आमच्या हातून दुसऱ्या एका प्रसंगीं झाली. एक म्हातारे शेतकरी बाबा संध्याकाळीं आमच्याकडे आले. एका तासापूर्वीं त्यांनीं फोनवर ओटीपी सांगितला होता व खात्यांतून पैसे गेले होते. आम्ही जें पहिलें वाक्य बोललों तें हें: "अहो बाबा, सांगितलातच कसा? मागल्या महिन्यांतच सभेंत सांगितलें होतें ना?" बाबांनीं खांद्यावरचें उपरणें सारखें केलें, "चुकलें, पाळकसाहेब," असें म्हणाले आणि उठून गेले. पुढचें कांहीं सांगितलें नाहीं. चोरांनीं त्यांच्याकडून एक ॲप बसवून घेतलें होतें, तें आम्हांस कळलेंच नाहीं. त्या रात्रीं त्याच खात्यांतून आणखी दोनदां पैसे गेले. ते दोनदां गेलेले पैसे आमच्या त्या एका वाक्यानें गेले, असें आम्ही मानितों.

ठकाचें खरें बळ ह्या लाजेंत आहे. "कोणास सांगूं नका," हें त्याचें वाक्य फोन ठेविल्यावरहि कानांत राहतें, आणि आपल्या रागावण्यानें तें अधिकच पक्कें होतें. मुलगा ओरडेल, सून हंसेल, मंडळींत चर्चा होईल, ह्या भयानें म्हातारीं माणसें गप्प बसतात. इकडे पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून पांचांत जात राहतात. १९३० ह्या क्रमांकावर लागलींच तक्रार केली तर पैसे ज्या ज्या बँकेंत गेले असतील तिला कळवून ते वाटेंतच अडवून धरतां येतात. लुधियानाच्या त्या गृहस्थांचे पांच कोटींहून अधिक परत मिळाले. मास्तरीणबाईंची तक्रार तिसऱ्या दिवशीं झाली. तोंपर्यंत फारच थोडें उरलें होतें. म्हणून कोणी म्हातारा असें सांगत आला तर पहिलें वाक्य एवढेंच असावें: "बरें केलेंत, लगेच आलांत." आणि दुसऱ्या क्षणीं फोन हातीं घ्यावा.

कित्येक मुलें आईबापांचा मोबाईलच काढून घेतात. आम्हांस हें बरें वाटत नाहीं. पुण्यामुंबईस असलेल्या नातवंडांचा आवाज ऐकण्याचें तेंच एक साधन त्यांच्यापाशीं उरलेलें असतें. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये, अशी आज्ञा आहे, आणि त्याच अध्यायांत पुढें पिकल्या केंसांचा मान राखण्याची आज्ञा आहे. पहिलीच्या नांवाखालीं दुसरी मोडूं नये. मान राखून रक्षण करावयाचें तें असें: मोठी रक्कम ज्या खात्यांत आहे त्यास यूपीआय किंवा कार्ड जोडूं नये, रोजच्या खर्चासाठीं वेगळें लहान खातें ठेवावें, दिवसाची मर्यादा बँकेंत जाऊन कमी करून घ्यावी, आणि हें सर्व त्यांच्या संमतीनें, त्यांस बरोबर नेऊन करावें. एका आजीबाईंनीं आम्हांस सांगितलें कीं, तो ठक रोज सकाळीं फोन करून, "आजी, चहा झाला का? गुडघा कसा आहे?" असें विचारीत असे. "पोरगं विचारत नाही तेवढं तो विचारायचा," असें त्या म्हणाल्या. आम्ही त्यावर कांहीं बोलूं शकलों नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास जड जाते. इसहाकास फसविणारा परका नव्हता, पोटचा पुत्र होता, आणि युक्ति सांगणारी घरची धनीण होती. चोरीचे पैसे ज्या खात्यांतून फिरतात तीं खातीं कोणाचीं असतात? कित्येकदां तीं आपल्याच खेड्यांतल्या तरुणांचीं असतात. "तुझें खातें व सिमकार्ड वापरावयास दे, महिन्याला कांहीं हजार देतों," असें कोणी म्हणतो, आणि बेकार मुलगा तें देतो. आपण चोरी करीत नाहीं असें त्यास वाटतें. पण पोलीस प्रथम त्याच्याच दारीं येतात, आणि देवाच्या दृष्टीनें तो कोणाच्या तरी आजीच्या औषधाचे पैसे पुढें पोंचविणारा असतो. तरुणसंघाच्या सभेंत हें नांवानिशीं नव्हे, पण स्पष्ट बोलावें. परदेशांत संगणकावर मोठ्या पगाराची नोकरी आहे अशा जाहिरातींविषयींहि बोलावें. म्यानमारच्या सरहद्दीवर अशा तरुणांस डांबून त्यांच्याकडून जबरदस्तीनें हेंच ठकबाजीचें काम करवून घेतात. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें विमानें पाठवून अशा पांचशेंहून अधिक लोकांस परत आणिलें. म्हणजे फोनच्या पलीकडे बोलणारा मनुष्यहि कधीं कधीं बंदिवान असतो. त्याच्यासाठीं प्रार्थना करावी. पिन मात्र सांगूं नये.

आतां उपदेशक बंधूंनीं करावयाचें काम. ह्या रविवारीं पाठ झाल्यावर प्रत्येक वृद्धास विचारावें कीं, शंका आली तर तुम्ही कोणास हाक मारणार? मुलगा, शेजारीण, मंडळीचा वडील, कोणीहि असो. पण तो फोन करणारा नसावा. त्या तिसऱ्या मनुष्याचा नंबर त्यांच्या मोबाईलांत पहिला घालून द्यावा, आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीस लावावा. त्याखालीं १९३० लिहावें, आणि वृद्धांच्या इतर अडचणींसाठीं असलेला १४५६७ हा क्रमांकहि लिहावा. १९३० वर बोलतांना बँकेचें नांव, रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक विचारितात. तो क्रमांक बँकेच्या निरोपांत असतो, म्हणून निरोप पुसून टाकूं नयेत. मग बँकेंत जाऊन खातें थांबवावें व जवळच्या पोलीस ठाण्यांत लेखी तक्रार द्यावी. म्हाताऱ्यास एकट्यास पाठवूं नये. पुढें कांहीं दिवसांनीं "तुमचे गेलेले पैसे मिळवून देतों, थोडी फी भरा," असा फोन येईल. तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भावंडाचा समजावा.

आणि उपासनेस जो वृद्ध आला नसेल त्याच्या घरीं त्याच दिवशीं, दुपारच्या जेवणापूर्वीं, कोणीतरी जावें. दार लावलेलें असलें तरी ठोठवावें.

हा पाठ लिहिण्यापूर्वीं आम्ही मास्तरीणबाईंकडे जाऊन त्यांची परवानगी मागितली. त्यांनीं मजकूर चष्मा लावून सगळा वाचिला, दोन ठिकाणीं आमचें ऱ्हस्वदीर्घ सुधारिलें, आणि म्हणाल्या, "माझें नांव घालूं नका. पण रविवारची घंटा मला ऐकूं आली होती, तें राहूं द्या."